जित्या पोराच्या मातीचा विमा

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप टकलावर जातो. तिथं उजव्या कानाच्या वर एक बारीक ओरखडा आहे. पाहुणे विचारतात, काय हो, चोराशी झटापट झाली होती का? मी नुसतं हं म्हणतो. आता लिहायलाच बसलो आहे, तर खरं काय ते लिहून टाकतो.

मी सातवी शिकलो. आमच्या वेळी तेवढ्यावर पोलिसात शिपाई घेत. शिपायाचा नायक झालो, नायकाचा जमादार, आणि वाशिम जिल्ह्यातच सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. माझं अक्षर बकरीच्या लेंड्या सांडल्यासारखं आहे, पण माझ्या तपासाला कोणी नाव ठेवलं नाही. ठेवलं असेल तर माझ्यासमोर ठेवलं नाही.

या प्रकरणात मी कोणाचं नाव घेणार नाही. त्यातली माणसं अजून आहेत, आणि माझ्या बहिणीशिवाय कोणी मला लिहायची परवानगी दिलेली नाही.

माझ्याकडे शेलूबाजारच्या बाजूची गावं होती. त्यात रस्ता सोडून आत एक वस्ती होती. तिथले लोक पूर्वी हंगामात कामाला बाहेरगावी जात आणि पेरणीला परत येत. मग एक जण मस्कतला गेला, इमारतीच्या सळया बांधायच्या कामावर. त्यानं दुसऱ्याला नेलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बघता बघता वस्तीतल्या बायका मोबाईलमध्ये तोंड घालून नवऱ्याला विचारू लागल्या, भाजीत तिखट कमी पडलं का.

त्यातला एक गडी तिकडंच वारला. देह इकडं कसा आणायचा हे कोणालाच उमजलं नाही. शेवटी त्याला तिकडंच अग्नी दिला आणि इकडं त्याच्या बायकोनं पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे विधी केले. ते पाहून अख्ख्या वस्तीला धसका बसला. मरणाचा नाही, मरण कोणाला चुकतं? पण मेल्यावर देहही आपल्या माणसांत नाही, हे वस्तीला सोसलं नाही.

त्यानंतर एक विमा एजंट मोटारसायकलवर वस्तीत आला. त्याचा विमा असा होता: परदेशात राहणारा माणूस तिकडं वारला तर कंपनी त्याचा देह विमानानं नागपूरला आणणार, तिथून गाडीनं थेट दारात पोचवणार, आणि लाकडांपासून मडक्यापर्यंत अंत्यविधीचा खर्चही कंपनीच करणार. आमच्याकडे अंत्ययात्रेला जायचं म्हणजे 'मातीले जातो' म्हणतात. म्हणून वस्तीनं त्याचं नाव ठेवलं मातीचा विमा. तिकडं गेलेल्या बहुतेकांनी तो घेतला.

एका विधवा म्हातारीचा एकुलता एक पोरगाही मस्कतला होता. त्यानंही घेतला. म्हातारीनं मात्र एजंटाला दारातून हाकललं होतं. जित्या लेकराच्या मातीची तयारी करणारा कागद माझ्या घरात राहणार नाही, असं तिनं पोराला फोनवर ठणकावलं. मग पोरानं तो कागद कारंज्याला मामाकडे ठेवायला दिला. मामा म्हणजे म्हातारीचा धाकटा भाऊ, तिथल्या धान्याच्या बाजारात मापारी होता. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे. मला मात्र तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. मी शेलूबाजारच्या जीपस्टँडवर चहा पीत उभा होतो. जीपवाले म्हणजे आमचं निम्मं पोलीस ठाणं. कोण कुठं गेलं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून रुसून माहेरी निघाली, सगळं त्यांना आधी कळतं. त्यातला एक जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, परवा कारंज्याहून मयतीचं भाडं आणलं. त्या आतल्या वस्तीवर."

मी म्हटलं, मग?

"जाताना बाया ऊर बडवून राह्यल्या व्हत्या. त्यायच्यासोबतचा मामा तं पुढच्या काचेवर डोकं आपटे. मले वाटलं आता काच जाते. अन् सांजच्याला वापस नेलं तं सगळे हसून राह्यले. एका बाईच्या मांडीवर पुरणपोळ्यायचा डबा, अन् मामा ढेकर देऊन राह्यला." तो माझ्याकडे पाहत राहिला. "मयतीहून कोनी ढेकर देत येते का साहेब?"

नाही येत. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पुरण शिजायची तर गोष्टच सोडा. मी चहा तसाच ठेवला. ती गोष्ट डोक्यात घट्ट बसली, पण तक्रार नाही तर तपास नाही. ठाण्यात येऊन स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि गप बसलो.

थोड्याच दिवसांत वरच्या कार्यालयातून टपाल आलं. विमा कंपनीचा अर्ज होता. अर्जात म्हटलं होतं की कारंज्याच्या एका इसमानं कंपनीला रडत फोन केला, भाचा मस्कतला वारला, त्याला लवकर घरी आणा. कंपनीनं खात्री करायला मस्कतच्या कामगार छावणीत फोन लावला, तर खुद्द मयतानंच फोन उचलला. लगेच दुसऱ्या दिवशी त्या इसमानं पुन्हा कंपनीला कळवलं की कोणी मेलेलं नाही, राहू द्या. कंपनीचं म्हणणं असं की ही टोळी आहे, जित्या माणसाला मेला दाखवून विमा उकळायचा डाव होता, अंगाशी येतं म्हणून माघार घेतली.

मला ढेकर आठवला. दोन आणि दोन चार झाले असं मला वाटलं.

आमचे ठाणेदार वयानं तरुण, स्वभावानं सज्जन, पण घाईचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं की अर्जाची चौकशी करा, तथ्य दिसलं की गुन्हा नोंदवू. पहिला आरोपी पोरगा, कारण विमा त्याच्या नावाचा. दुसरा मामा. तिसरी म्हातारी. पोरगा त्याच आठवड्यात सुट्टीवर घरी यायचा होता. म्हणजे गुन्हा दाखल झाला असता तर तो विमानातून उतरला की आधी आमच्या ताब्यात आला असता, पासपोर्ट अडकला असता, आणि तिकडची नोकरी संपली असती. दोन वर्षांनी घरी येणारं लेकरू आईच्या दाराऐवजी कोठडीच्या दारात उभं राहिलं असतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण कायदा तो कायदा.

कारंजा ठाण्यामार्फत निरोप देऊन मामाला बोलावून घेतलं. अंगानं थोराड, पोत्यांना हात लावून लावून तळवे पत्र्यासारखे झालेले, आणि डोळ्यांत गाईची भीती. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, विचारलं की फोन का केला.

एक सांगतो. निर्ढावलेला माणूस एकच खोटं धरून बसतो, मारलं तरी सोडत नाही. साधा माणूस दर वेळी नवीन खोटं सांगतो. मामा आधी म्हणाला, चुकून लागला फोन. मग म्हणाला, स्वप्न पडलं होतं. मग थोडा विचार करून म्हणाला, "साहेब, म्हैस मेली व्हती. म्हशीच्या इम्याचा फोन लावून राह्यलो व्हतो, भाच्याच्या इम्याले लागला."

मी विचारलं, म्हैस कुठं आहे?

"मेली ना साहेब."

पुरली कुठं? त्यानं छताकडे पाहिलं, जणू म्हैस तिथंच पुरली होती. बाजूला लिहायला बसलेला आमचा हवालदार तोंडात रुमाल कोंबून बाहेर गेला. मी टेबलावर हात आपटला तेव्हा मामानं हात जोडले. "मले मारा साहेब, पन इचारू नका. बहिनीनं शपथ घातली हाये."

आता बहिणीला विचारणं आलं. कायद्यानं बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं, सोबत महिला शिपाई न्यावी लागते. मी गाडी काढायला सांगितली तर पहारेकरी म्हणाला, साहेब, जायची गरज नाही, ती येऊन बसली आहे.

भावाला ठाण्यात नेल्याचं कळताच म्हातारी जीप पकडून स्वतःच आली होती. आवारातल्या कडुनिंबाच्या पारावर बसली होती. मांडीवर भाकरी-ठेच्याचं फडकं, डोक्यावर पदर, चेहरा असा की निवडणुकीच्या बंदोबस्तालाही मागं हटणार नाही. मी म्हटलं, मावशी, घरी जा, मी येतो तिकडं. ती म्हणाली, "माह्या भावाले ठेवलं तं मलेही ठेवा." त्यानंतर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. मामाला मी तासाभरात सोडून दिलं, कारण धरून ठेवायचा अधिकार नव्हता. तो पारावर तिच्या शेजारी जाऊन बसला. आता दोघंही घरी जाईनात. शेवटी महिला शिपायानं समजूत घालून संध्याकाळच्या जीपमध्ये बसवून दिलं, तर दुसऱ्या सकाळी हजेरीच्या आधी दोघंही पुन्हा पारावर हजर.

इथं त्या कडुनिंबाचं सांगायला हवं. त्यावर कावळ्याचं घरटं होतं आणि पिलं बाहेर यायचे दिवस होते. कावळीण कोणालाही खालून जाऊ देत नव्हती. पहारेकरी हेल्मेट घालून पहारा करायचा. समन्स घेऊन जाणारे शिपाई डोक्यावर फाईल धरून पळायचे. विमा कंपनीचा एक टायवाला अधिकारी नागपूरहून येऊन बसला होता, त्यालाही आम्ही फाटकापासून ओसरीपर्यंत हेल्मेट घालून आणलं. म्हातारीच्या डोक्यावर पदर होता म्हणून असेल, तिच्या वाटेला कावळीण गेली नाही. मी मात्र कावळ्याला भिऊन रस्ता बदलणारा माणूस नाही. ठाणेदार म्हणाले होते, निदान टोपी तरी घालून जा. मी टोपी घालत होतो, पण ती खात्याचा नियम म्हणून.

त्या दिवशी दुपारी ठाणेदारांनी सांगितलं, जमादार, आज निकाल लावा. (मी सहायक फौजदार झालो तरी ते मला जमादारच म्हणत, आणि मला ते आवडे.) कंपनीचा माणूस घड्याळ पाहत होता. मी पारावर गेलो आणि म्हातारीच्या समोर बसलो. सगळं सरळ सांगितलं. मावशी, तू बोलली नाहीस तर तुझ्या पोरावर गुन्हा लागतो. तो नागपूरला उतरला की आधी आमच्याकडे येईल. तुला हे पाहिजे का? तिचे डोळे भरले, पण ओठ हलले नाहीत. मामा जमिनीकडे पाहत बसला होता. मी चिडलो. एवढ्या वर्षांत भल्याभल्यांना बोलतं केलं आणि ही एवढीशी बाई मला बधेना. उकाडा जीव घेत होता. मी टोपी काढली आणि रुमालानं डोकं पुसायला लागलो.

कावळिणीनं तेवढ्याचीच वाट पाहिली होती. वरून आली, दोन्ही पाय माझ्या टकलावर रोवले, एक टोच मारली आणि गेली. ओसरीवर सगळं ठाणं उभं होतं. पहारेकरी हसला, हवालदार हसला, टायवाला हसला, ठाणेदारांनी खोकल्याचं सोंग केलं. एकटी म्हातारी हसली नाही.

ती ताडकन उठली. माझ्या डोक्यातून आलेलं रक्त तिनं पदरानं पुसलं.

"फौजदार, तुमाले बहीन हाये का?"

मला काही कळेना. मी म्हटलं, आहे. अनसिंगला दिलेली आहे.

"मंग तिले आजच निरोप धाडा. म्हना, तुहा भाऊ गेला."

"कुठं गेला?"

"मेला म्हनून धाडा." ती पूर्ण गंभीर होती. "रक्ताचं मानूस रडलं पाह्यजे. मोठ्यानं रडलं पाह्यजे. तवा टळते ते."

बोलली आणि एकदम हात तोंडावर ठेवून खाली बसली.

मी तसाच उभा राहिलो. डोक्यावर झोंबत होतं आणि डोक्याच्या आत एक एक खिळा आपल्या जागी बसत होता. आमच्या वऱ्हाडात जुनी समजूत आहे की डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाची चिठ्ठी. ती परतवायची तर त्या माणसाच्या सख्ख्या नातलगाला तो मेल्याची खोटी बातमी धाडायची. तो रडला, त्याच्या डोळ्यांतून पाणी पडलं, म्हणजे मरणाचं देणं फिटलं, माणूस जगला. मग खरं सांगायचं, सगळ्यांनी गोडधोड खायचं. माझ्या लहानपणी गावात दोनदा झालेलं मी पाहिलं होतं. पण विमा, कंपनी, मस्कत, अर्ज, या शब्दांत कावळा शोधायचं कोणाच्या मनात येईल? ते कावळ्यालाच येऊन सांगावं लागलं. आणि त्यानं ते तपास अधिकाऱ्यालाच सांगितलं, हेही रीतसर झालं.

मी खाली बसलो आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, पोराच्या डोक्यावर तिकडं कावळा बसला व्हता?"

तिनं तोंडावरचा हात काढला नाही. फक्त मान हलवली.

बाकीचं मामानं सांगितलं, आता त्याचीही गाठ सुटली. पोरानं फोनवर हसत हसत आईला सांगितलं होतं की जेवायला जाताना कावळा डोक्यावर बसला. म्हातारीच्या मनात मातीच्या विम्याचा धसका होताच. तिला वाटलं, त्या कागदानंच मरणाला घराचा पत्ता दिला. तिनं तेव्हाच शेजाऱ्याकडून भावाला निरोप धाडला, तुहा भाचा गेला. मामानं हंबरडा फोडला, पण माणूस जबाबदार. विम्याचा कागद त्याच्याकडे होता, म्हणून जीपमध्ये बसायच्या आधी त्यानं कंपनीला फोन केला, माह्या भाच्याले घरी आना. वस्तीवर पोचून सगळे पोटभर रडले, मग म्हातारीनं खरं सांगितलं आणि पुरणपोळी वाढली. तिच्या माहेरची रीत अशी की ज्याचा निरोप धाडला तो घराचा उंबरा ओलांडेपर्यंत बाहेरच्या माणसासमोर याचं कारण उच्चारायचं नाही, नाहीतर केलेलं वाया जातं. म्हणून मामाला शपथ. म्हणून म्हैस.

आणि म्हणूनच मला त्या बाईचं आजही नवल वाटतं. पोराच्या जीवासाठी तिनं माझ्या कायद्यापुढं तोंड उघडलं नाही. पण मी, तिच्या पोराला कोठडीत टाकायला निघालेला माणूस, माझ्यावर तेच संकट आलं म्हटल्यावर तिचं तोंड आपोआप उघडलं.

पण पोलिसाला नवल वाटून चालत नाही, खातरजमा लागते. मी टायवाल्यासमोर, ठाणेदारांसमोर पोराला फोन लावायला लावला, तोंड दिसणारा. तो कामावरच होता, मागं सळयांचं जाळं, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मी वर्दीत दिसताच बिचारा घाबरला. मी विचारलं, तुझ्या डोक्याला काही लागलं होतं का?

"हो साहेब. जेवाले जाताना हेल्मेट काढलं, तं कावळा बसला." त्यानं हेल्मेट काढून डोकं दाखवलं. मग त्याला माझ्या मागं पारावर बसलेली आई दिसली असावी. तो माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारून हसायला लागला. "मायनं मले मारलं का पुन्हा? म्हून कंपनीवाला इचारून राह्यला व्हता, तुमी वारले का? म्या म्हटलं अजून नाई, संध्याकाळी सांगतो."

पुन्हा म्हणजे? तर दुसरीत असताना शाळेच्या मैदानात एकदा कावळा बसला होता, तेव्हाही मामा रडला होता. मामानं मान डोलावून दुजोरा दिला. मामाचं या भाच्यासाठी दोनदा रडून झालं होतं.

टायवाला म्हणाला, पण साहेब, कावळा हा पुरावा कसा धरायचा? मी टोपी काढून डोकं त्याच्यासमोर नेलं. म्हटलं, पाहा, ताजा आहे. मग सरळ कायद्याचं बोललो. फसवणुकीच्या गुन्ह्याला हेतू लागतो. यांनी मृत्यूचा दाखला दिला नाही, अर्ज भरला नाही, काही घेतलं नाही. खरं कळलं तसं मामानं स्वतः फोन करून सांगितलं. चोर कधी स्वतः फोन करून सांगत नाही की राहू द्या. ठाणेदारांना पटलं. टायवाला म्हणाला की त्याची आजीही असं काही करायची, हे त्यानं ऐकलं आहे. त्यानं अर्ज मागं घेतला. जाताना मात्र फाटकापर्यंत हेल्मेट मागून घेतलं.

अहवाल मी लिहिला. ठाणेदार म्हणाले, जमादार, यातून कावळा काढा, वर वाचून लोक हसतील. मी म्हटलं, साहेब, कावळा काढला तर प्रकरण उभं राहत नाही. गैरसमज म्हणा, रूढी म्हणा, ते म्हणाले. मी तेही लिहिलं, पण कावळा ठेवला. बराच वाद झाला. अहवाल कावळ्यासकट वर गेला आणि मंजूर होऊन आला. कोण हसलं ते मला माहीत नाही.

आता दुसऱ्या दिवशीचं. मी ओसरीवर उभा राहून चहा पीत होतो. फाटकात एक जीप थांबली आणि त्यातून रडण्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा वाटला. माझी बहीण, तिचा नवरा, दोन शेजारणी. बहीण पदर तोंडात कोंबून आत धावत आली, पाहते तो मी कपबशी हातात घेऊन उभा. ती जागच्या जागी थांबली. मग आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली. "मेल्या, जिता हायेस!" असं म्हणायची आणि मारायची, रडायची आणि हसायची. चहा माझ्या वर्दीवर. मागं जीपजवळ तोच जीपवाला उभा, मान खाली घालून. म्हातारीनं जाता जाता त्याला गाठलं होतं. फौजदार ऐकणार नाही, तू अनसिंगला जाऊन सांगून ये, असा तिचा हुकूम होता. फौजदाराच्या बहिणीचं घर जीपवाल्याला शोधावं लागत नाही.

मी बहिणीला विचारलं, फोन करून विचारायचं तरी. ती म्हणाली, मेलेल्याले कोन फोन करते?

पोलिसात आयुष्य गेलेल्या माणसाला वाटत असतं की आपल्या मागं तोफांची सलामी मिळेल, चार वर्दीवाले येतील, झालं. कोण आपल्यासाठी इतक्या लांबून जीपमध्ये रडत येईल हे पाहायला कोणी थांबत नाही. मी थांबलो, चहाचा कप हातात घेऊन. कावळ्याच्या समजुतीवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण तो दिवस मला बढतीच्या दिवसाहून मोठा वाटतो. बहिणीला आणि शेजारणींना मी स्वतः हॉटेलात नेऊन जिलबी खाऊ घातली, कारण रीत ती रीत.

त्या आठवड्याच्या शेवटी पोरगा आला. नागपूरला त्याला कोणी अडवलं नाही. तो वस्तीवर येणार म्हणून मीही गेलो, कामाचं निमित्त काढून. म्हातारीनं त्याला दारात थांबवलं, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकला, पायांवर पाणी घातलं. तो उंबरा ओलांडून आत गेला तशी ती बाहेर आली आणि माझ्यासमोर ओट्यावर बसली.

"फौजदार, आता लिवा माहा जबाब."

मी म्हटलं, मावशी, प्रकरण बंद झालं.

"तुमचं झालं असन. माहं सांगाचं राह्यलं." मग मी खरंच कागद काढला आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, कुठंही न अडखळता. एवढ्या वर्षांत इतका सरळ जबाब मला कोणी दिला नव्हता. शेवटी मी विचारलं, मग त्या मातीच्या विम्याचं काय करायचं? पोरगा तो चालू ठेवायचं म्हणत होता. ती म्हणाली,

"ठेवू दे. कागद कारंज्यालेच राहू दे. मेल्यावरचं कंपनीनं पाहाव. मरू नये त्याचं मी पाहीन."

तिनं अंगठा उठवला. आतून पुरणाचा वास येत होता आणि मामा पहिल्या पंगतीला बसलेला होता.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं लोक विचारतात. पोलीस माणसाला नेहमी वाटतं की लपवाछपवी दिसली म्हणजे पाप असणारच. तसं नसतं. काही माणसं प्रेमही चोरीच्या मालासारखं दडवून ठेवतात. त्यांना मारून बोलतं करता येत नाही. त्यांच्या शेजारी बसावं लागतं, आणि कधी कधी टोपी काढावी लागते. आणि जे रडत गेले नि ढेकर देत आले, त्यांना आधी विचारावं, जेवायला काय होतं.

परवा अंगणात बसलो होतो. एक कावळा अगदी कानाजवळून गेला. बसला नाही, नुसता गेला. तरी मी आत जाऊन बहिणीला फोन लावला आणि सहज सांगितलं की कावळा आला होता.

ती म्हणाली, "थांब दादा, आदी रडू दे, मंग बोलू."